पुरानंतर गाव सावरलं का, हे आकड्यांवरून कसं ओळखायचं?

प्रश्न विचारणारा तरुण ब्रह्मपुरी तालुक्यातल्या वैनगंगेकाठच्या गावचा आहे, सध्या पुण्यात डेटा ॲनालिस्ट म्हणून नोकरी करतो. २०२० च्या ऑगस्टअखेर आलेल्या पुरात त्याचं घर बुडालं होतं. कॅटरिना चक्रीवादळानंतर अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर किती सावरलं याचे आकडे नियमित प्रसिद्ध व्हायचे, हे त्याच्या वाचनात आलं. तसाच डॅशबोर्ड (आकडे एका नजरेत दाखवणारा फलक) त्याला आपल्या तालुक्यासाठी करायचा आहे. तो विचारतो, डेटा कोणता घेऊ, आणि ‘अमुक गाव इतके टक्के सावरलं’ असा एक आकडा काढायचं सूत्र कोणतं?

भाऊ, सूत्र मी देणार नाही. एकदा देऊन बसले होते आणि पस्तावले, ते पुढं सांगतेच. गेली सोळा वर्षं मी चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत घरोघरच्या पाहण्यांचं काम करते. पूर, दुष्काळ, कोविड, सगळ्यांत वह्या घेऊन फिरले आहे. त्यावरून सांगते, तुमचा खरा प्रश्न डेटा कोणता हा नाही. सावरलं म्हणजे कोण सावरलं, आणि कशाच्या तुलनेत सावरलं, हे आधी ठरवावं लागतं. ते ठरलं की डेटा कोणता हे बरंचसं आपोआप ठरतं.

आधी न्यू ऑर्लिन्सचं. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना धडकलं, बांध फुटले आणि शहराचा जवळपास ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. (वैनगंगाही २०२० मध्ये २९ ऑगस्टलाच चढत होती. तारखांचा हा योग मला उगाचच आठवत राहतो.) शहर रिकामं झालं. लोक देशभर पांगले. कोण परतलं आणि कोण नाही, हे सांगणारी एकही यादी नव्हती. जनगणना झालेली २००० ला, पुढची थेट २०१० ला. तिथल्या ‘डेटा सेंटर’ नावाच्या स्थानिक संस्थेनं आणि ब्रुकिंग्स या संशोधन संस्थेनं तेव्हा बरेच आकडे जमवले, त्यात माझ्या मते सगळ्यात हुशारीचा आकडा पोस्टाचा होता: किती घरांत टपाल पुन्हा जाऊ लागलं?

पोस्टमन काही पूर मोजायला जात नाही. तो वादळाआधी दारोदार जायचा, नंतरही जातो. म्हणजे आधीची नोंद आणि नंतरची नोंद एकाच पद्धतीची, आणि तीही पत्त्यानिशी. त्यामुळे अमुक मोहल्ल्यात घरं उघडली, तमुक मोहल्ला अजून बंद, हे कळायचं. तुम्ही त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट हीच आहे: पूर नसतानाही जो माणूस प्रत्येक दाराशी जातो, त्याची वही शोधा.

आपल्याकडे तो माणूस पोस्टमन नाही. आपल्याकडचा पोस्टमन पत्रं पानठेल्यावर ठेवून जातो. आपल्याकडे दारोदार जाते ती आशाताई, आणि तिच्या जोडीला अंगणवाडी सेविका. कुठल्या घरी गरोदर बाई आहे, कुठली सून माहेरी गेली, कोण कामाला हैदराबादकडे गेलं, हे त्यांच्या वहीत असतं. वहीत नसलं तर तोंडपाठ असतं. घरांची मूळ यादी म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ घ्या. घरपट्टीची आकारणी त्यावर होते, म्हणून तो बऱ्यापैकी पूर्ण असतो. पण त्यात दोन भोकं आहेत. एक म्हणजे एकाच घर क्रमांकात दोन-तीन भावांच्या वेगळ्या चुली असतात. दुसरं म्हणजे नदीच्या अंगाला अतिक्रमणात बसलेली घरं पुष्कळदा नोंदीतच नसतात, आणि पहिलं पाणी त्यांच्याच घरात शिरतं. म्हणून नमुना ८ घेऊन आशाताईसोबत एकदा गावभर फिरायचं आणि प्रत्येक चुलीला आपला वेगळा क्रमांक द्यायचा. अडीचशे चुलींच्या गावाला दोन दिवस लागतात. हे कंटाळवाणं काम तुम्ही टाळलंत, तर पुढचा सगळा डॅशबोर्ड हवेत.

आता ‘कोण सावरलं’कडे येते. न्यू ऑर्लिन्सची लोकसंख्या २००० ला ४,८४,६७४ होती. २०१० ला ३,४३,८२९ भरली आणि २०२० ला ३,८३,९९७. मधल्या वर्षांचे अंदाज कमी वाटले तेव्हा शहरानं जनगणना विभागाशी भांडून आकडा वाढवूनही घेतला होता. हा आलेख काढलात तर शेवटचा भाग चढता दिसेल आणि वाटेल, हळूहळू होतंय. पण २०१० च्या जनगणनेत त्या शहरातले कृष्णवर्णीय रहिवासी २००० च्या मानानं सुमारे १ लाख १८ हजारांनी कमी होते. एकूण आकडा चढला तरी त्यात जुनी किती आणि नव्यानं आलेली किती, हे तो सांगत नाही.

त्यामागचं एक कारण आकड्यांच्या माणसानं जरूर वाचावं. घरं पुन्हा बांधायला तिथं ‘रोड होम’ नावाची योजना होती. घराची वादळाआधीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यातली जी रक्कम कमी, तिच्यावरून मदत ठरायची. गरीब वस्तीत घराची किंमतच कमी असते. सिमेंट, लाकूड आणि मिस्त्री मात्र दोन्ही वस्त्यांत एकाच भावाचे. कृष्णवर्णीय घरमालकांवर यात अन्याय होतो म्हणून कोर्टात खटला झाला आणि २०११ ला तडजोड झाली. शिवाय कित्येक कुटुंबांच्या घराची कागदं वारलेल्या आजी-आजोबांच्याच नावावर राहिलेली होती. मालकी सिद्ध होईना, त्यामुळे मदतही अडकली.

हे वाचलं तेव्हा मला आपला सातबारा आठवला. फेरफार न झालेले, चार वारसांची भांडणं अंगावर घेऊन बसलेले सातबारे आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्याहून मोठी गोष्ट मक्त्याची. धानाची बांधी कसतो एक, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. मक्त्याचे पैसे त्यानं हंगामाआधी मोजून दिलेले, परे (धानाची रोपं) त्याचे, खत त्याचं, रोवणीची मजुरी त्याच्या खिशातली. ऑगस्टच्या शेवटी धान तीन-चार दिवस पाण्याखाली राहून सडलं की पंचनामा होतो मालकाच्या नावानं आणि पैसे जातात मालकाच्या खात्यात. मालक चांगला असला तर अर्धे देतो. तुमच्या डॅशबोर्डवर ते शेत ‘मदत मिळाली’ या रकान्यात हिरवं दिसेल, आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस तुमच्या तक्त्यात कुठंच नसेल. म्हणून माझ्या वहीत शेताचा रकाना वेगळा, कसणाऱ्याचा वेगळा.

आता माझी फजिती. २०२० च्या पुरानंतर काही गावांचा पाठपुरावा माझ्याकडे होता. रेशन दुकानांतले व्यवहार अंगठ्याच्या मशीनवर होतात आणि दुकानवार आकडे संकेतस्थळावर बघता येतात. मला वाटलं, हेच आपलं टपाल! परतलेलं कुटुंब धान्य उचलेल, न परतलेलं उचलणार नाही. ऑक्टोबर २०२० ची ऑक्टोबर २०१९ शी तुलना केली, तर पूर येऊन दोन महिने झालेले नसताना व्यवहार आधीपेक्षा जास्त! मी सूत्र लावलं, टक्के काढले, आणि ‘अन्नधान्याच्या बाबतीत परिस्थिती पूर्ववत’ असं लिहून मोकळी झाले. पुढच्या भेटीत एका दुकानदाराला मोठ्या कौतुकानं तो कागद दाखवला. तो हसला. म्हणाला, “लोकं नाही वाढले जी मॅडम, पावत्या वाढल्या.”

कोविडमुळे एप्रिल ते नोव्हेंबर २०२० केंद्राचं माणशी पाच किलो फुकट धान्य चालू होतं. नेहमीच्या धान्याची पावती वेगळी, फुकट धान्याची वेगळी. गाव अर्धं रिकामं असतं तरी माझा आकडा शंभराच्या आसपास राहिला असता. कागद मागं घेतला, पण तोवर तो दोन ठिकाणी पोचला होता आणि एका बैठकीत त्याच्या आधारावर ‘त्या गावांना आता गरज दिसत नाही’ असं बोलून झालं होतं.

तेव्हापासून कोणताही सरकारी आकडा हाती आला की मी दोन गोष्टी विचारते. ही नोंद मुळात कशासाठी होते? आणि पूर आलाच नसता तर ती कशामुळे हलली असती? या चाळणीतून बघा, फार थोडं उरतं. विजेचे युनिट चांगले वाटतात, पण रीडिंग झालं नाही की सरासरी बिल निघतं, म्हणजे बंद घरातही कागदावर पंखा फिरतो. त्यातल्या त्यात डीपीवरून (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून) गेलेले एकूण युनिट बरे, मिळाले तर. शाळेचा पट म्हणजे नावं. मूल मामाच्या गावी बसलेलं असलं तरी पटावरचं नाव निघत नाही. पटापेक्षा शालेय पोषण आहाराची रोजची नोंद खरी, कारण तिथं ताटं मोजलेली असतात. (अर्थात २०२० ला शाळाच बंद होत्या, म्हणून त्या पुरासाठी हा आकडा तुम्हाला मिळणारच नाही.) रोजगार हमीची मागणी वाढली तर ते संकटाचं लक्षण की कामं निघाली याचं? दोन्ही असू शकतं. आधारभूत केंद्रावरची धानखरेदी तर मी सोडूनच दिली. व्यापाऱ्याचा माल शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर चढतो हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

अमेरिकेत याच्या उलट टोकाचा एक मजेदार प्रकार आहे. फेमा या त्यांच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे तेव्हाचे प्रमुख क्रेग फुगेट वादळानंतर ‘वॉफल हाऊस’ ही चोवीस तास उघडी असणारी खानावळ बघायचे. पूर्ण मेनू मिळतोय तर हिरवा, थोडेच पदार्थ मिळताहेत तर पिवळा, बंद असेल तर लाल. हसू नका, यात अर्थ आहे: खानावळ चालायला वीज, पाणी, माल आणि कामाला येणारी माणसं चारही लागतात. मी आपल्याकडे पानठेला लावून पाहिला, जमलं नाही. पानठेला पाणी ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी उघडतो, त्याला काहीच लागत नाही. पिठाची चक्की जमली. चक्कीला थ्री फेज लागते, दळण घेऊन येणारी घरं लागतात, आणि त्या घरांत कोरडं धान्य असावं लागतं. चक्की आठवड्यातून किती दिवस चालली, हा पहिल्या दोन महिन्यांपुरता माझा आवडता आकडा आहे. त्यानंतर तो काही सांगत नाही.

आता कशाच्या तुलनेत, याबद्दल. तुमच्या मनात ‘पुराआधी’ म्हणजे जुलै आणि ‘पुरानंतर’ म्हणजे सप्टेंबर असेल. शेतीच्या गावात महिन्यामागं महिना असा ताळा लागत नाही. धान निघालं की आपल्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं तेलंगणात मिरची तोडायला जातात. फेब्रुवारीत गाव ओस दिसलं तर ते पुरामुळे की मिरचीमुळे? म्हणून तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. तेवढ्यानंही भागत नाही, कारण मागचं वर्षच वेगळं असू शकतं, कोविडसारखं. त्यासाठी एक जोडगाव धरा: त्याच तालुक्यातलं, तशीच शेती आणि तशीच मजुरी असलेलं, पण वरच्या अंगाला, जिथं पाणी पोचलं नाही. समजा बुडालेल्या गावात मागच्या फेब्रुवारीत १०० चुली पेटत होत्या आणि यंदा ८०. जोडगावात १०० च्या ९० झाल्या. मग वीसातल्या दहा पुराच्या आणि दहा सगळ्यांच्याच, मिरचीचा भाव चढला असेल म्हणून. जोडगाव नसतं तर वीसच्या वीस तुम्ही पुरावर ढकलल्या असत्या. जोडगाव निवडताना मात्र सांभाळा. बुडालेल्या गावातली माणसं तिथंच पाहुणी म्हणून राहिली असतील, तर तिकडचा आकडा फुगलेला असतो.

जनगणनेच्या भरवशावर राहू नका, हे सांगायला आपल्या विदर्भातलंच उदाहरण आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड तालुक्यात मोवाड. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात तिथं २०४ माणसं गेली, गाव नव्यानं वसवावं लागलं. १९९१ ची जनगणना १ मार्चच्या हिशोबानं झालेली, म्हणजे पुराआधी जेमतेम पाच महिने. आधीचा फोटो इतका वेळेवर कुणाला मिळत नाही. पण नंतरचा फोटो २००१ चा! मधली दहा वर्षं, म्हणजे सावरण्याचा सगळा काळ, दोन जनगणनांच्या फटीत पडला. आणि तुमच्या पुराला तर तेही नाही. २०११ ची जनगणना नऊ वर्षं जुनी झालेली, आणि २०२१ ची झालीच नाही.

उपग्रहाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुण्याहून काम करायचं तर त्याचा मोह होणारच. ऑगस्टात ढगांमुळे साध्या प्रतिमा निकामी असतात. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाचं रडार ढगांतून बघतं, फुकट मिळतं, म्हणून सगळे तेच उचलतात. पण आपल्या एका जागेवरून ते साधारण बारा दिवसांनी जातं आणि पूर तीन दिवसांत ओसरतो. दुसरी अडचण मोठी. रडारला साचलेलं पाणी काळं दिसतं, आणि रोवणीनंतर आपल्या धानाच्या बांधीत पाणी असायलाच हवं असतं. एका मुलानं मला ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्याचा नकाशा आणून दाखवला होता, त्यात निम्मा तालुका बुडालेला. त्यातला बराच भाग म्हणजे सुखानं वाढणारं धान होतं! आधीच्या वर्षाची त्याच आठवड्याची प्रतिमा शेजारी ठेवल्याशिवाय या भागात पुराचा नकाशा काढू नका. रात्रीच्या दिव्यांच्या प्रतिमांवरून प्युर्टो रिको या अमेरिकेच्या बेटावर २०१७ च्या मारिया वादळानंतर नासानं वीज कुठं परतली ते दाखवलं होतं; शहराला ते ठीक, आपल्या चार दिव्यांच्या टोल्यांना (छोट्या वस्त्यांना) नाही. पावसाचे आकडेही सांभाळून वापरा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी धरतात. पण २०२० ला पाऊस कोसळला मध्य प्रदेशात, पाणी तिथल्या संजय सरोवर धरणातून आणि गोसीखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांतून आपल्याकडे आलं. मंडळाच्या पर्जन्यमापकाला पुराची खबरही नसते.

मग उरतं काय? उरतं पुन्हा पुन्हा त्याच घरी जाणं. गावातून तीस-चाळीस चुली निवडायच्या, त्यातल्या निम्म्या तरी नदीच्या अंगाच्या मोहल्ल्यातल्या, आणि त्यांच्याकडेच एका महिन्यानं, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, पुढच्या रोवणीला आणि त्याच्याही पुढच्या रोवणीला जायचं. पाच फेऱ्या. घर सोडून गेलेल्यांना वगळायचं नाही. फोन करायचा, शेजाऱ्याला विचारायचं. जे सापडत नाहीत तेच बहुतेक सर्वांत वाईट अवस्थेत असतात, आणि त्यांना ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणून काढून टाकलं की उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारते.

काय विचारायचं यात मी बरीच ठेच खाल्ली. पहिल्या वर्षी विचारायची, “घरी परत आलात का?” उत्तर कायम “हो”. लोक दिवसा येऊन चिखल काढायचे आणि झोपायला शाळेत नाहीतर वरच्या मोहल्ल्यात भावकीकडे जायचे. मग प्रश्न बदलला: काल रात्रीचा स्वयंपाक कुठं शिजला? याला ‘हो’ म्हणून सुटता येत नाही. एक आजी होत्या. मातीचं घर, एक भिंत पूर्ण बसलेली, उरलेल्या तीन भिंतींवर छातीइतक्या उंचीवर पाण्याची मातकट रेघ. पहिल्या फेरीत त्या पुतण्याकडे होत्या. दुसऱ्या फेरीत त्यांनी ताडपत्री बांधून सांदवाडीत (परसात) चूल मांडली होती आणि मी वहीत ‘परतल्या’ असं लिहिलं. तिसऱ्या फेरीला फाटकातूनच त्यांनी ओळखलं. “काऊन बाई, पुन्हा आल्या का मोजाले? चूल आहे, पन भीत काही वाढली नाही.” त्या दिवशी मी ‘चूल’ आणि ‘भिंत’ हे दोन रकाने वेगळे केले. चौथ्या फेरीला भिंत झाली होती, विटांची, आणि डोक्यावर नव्या टिना. मग तिसरा रकाना काढावा लागला: टिना कशाच्या पैशानं? घरकुलाचा हप्ता, मजुरीचे पैसे, बचत गटाचं कर्ज, की दर आठवड्याला वसुलीला येणाऱ्या फायनान्सवाल्याचं? बाहेरून चारही घरं सारखीच सावरलेली दिसतात.

कर्जाचं खरं उत्तर पहिल्या भेटीत कोणी देत नाही. गटाच्या बैठकीचं रजिस्टर बघा. अंतर्गत कर्ज कशासाठी उचललं आणि कोणाचा हप्ता थकला, हे तिथं महिन्यावार मिळतं. अध्यक्षबाईंची परवानगी घेऊन, नावं न उतरवता.

शेतीचा प्रश्न मात्र नऊ महिने विचारूच नका. ऑगस्टअखेर धान गेलं की त्या वर्षी पुन्हा रोवणी नाही. कोणी गाळावर लाखोळी, पोपट अशी कडधान्यं टाकतो, त्यातून घरखर्चाला हातभार लागतो एवढंच. शेत सावरलं की नाही हे पुढच्या जूनमध्ये कळतं, परे टाकायच्या वेळी. बियाणं घरचं, रोखीचं की कृषी केंद्रातून उधारीवर? एवढा एक प्रश्न पुरेसा आहे. उशिरापर्यंत मोजलं की काय फरक पडतो ते बघा: प्युर्टो रिकोत मारियानंतरचा मृतांचा अधिकृत आकडा कित्येक महिने ६४ च होता. पुढच्या सहा महिन्यांतले नेहमीपेक्षा जादा मृत्यू अभ्यासात धरले तेव्हा ऑगस्ट २०१८ मध्ये तो २,९७५ झाला. पाणी ओसरल्यानंतर जे घडतं ते मोजणी लगेच थांबवणाऱ्या माणसाला कधीच दिसत नाही.

पंचनाम्यांबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण तुम्ही माहितीच्या अधिकारात तेच मागवणार. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात (या पदांची नावं आता बदलली आहेत, गावात कोणी बदललेली नाहीत). पंचनामा हा पात्रतेचा कागद आहे, नुकसानीचं मोजमाप नाही. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच मदत, म्हणून तीस टक्केवाला शेतकरी कागदावर नुकसान न झालेला ठरतो, आणि चाळीसवाला व नव्वदवाला एकाच रांगेत. तरी एक गोष्ट त्यातून जरूर उचला: प्रकार. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये होते, शेतातला गाळ काढायला १८,०००, आणि जमीनच वाहून गेली असेल तर ४७,०००. रकमा राज्य सरकार कधी वाढवतं, पण भेद महत्त्वाचा. पीक गेलेलं शेत वर्षात उभं राहतं. खरडून गेलेलं, धुरे (बांध) मोडलेलं शेत चार-पाच वर्षं मागं जातं. या दोघांची सरासरी काढली तर ती दोघांबद्दलही खोटं बोलते.

मदतीचा मागोवा टक्क्यांत घेण्याऐवजी दिवसांत घ्या. पंचनामा कधी, यादीत नाव कधी लागलं, मंजुरी कधी, व्हीके नंबर (यादीतला विशिष्ट क्रमांक) कधी आला, सेतूवर जाऊन केवायसी कधी केली, खात्यात पैसे कधी पडले. प्रत्येक घराच्या या सहा तारखा. ‘९५ टक्के वाटप पूर्ण’ हा आकडा बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या पायरीचा असतो, सहाव्या नाही. तारखा लावल्या की माणसं कुठल्या पायरीवर अडकतात हे उघडं पडतं. माझ्या अनुभवात ती केवायसी असते, आणि अडकणारी म्हणजे अंगठ्याच्या रेघा पुसल्या गेलेली म्हातारी माणसं.

म्हणजे आतापर्यंतचं एवढंच: चुलींची यादी पुराआधीची, फेऱ्या त्याच घरांच्या, तुलना त्याच महिन्याशी आणि जोडगावाशी, सरकारी आकडे फक्त पडताळ्याला. यासाठी कोबो टूलबॉक्स फोनवर नेटशिवाय चालतं आणि साधी एक्सेल पुरते. डॅशबोर्ड शेवटी.

त्या एका टक्क्याबद्दल मी अडून बसले आहे, त्याचं कारण तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. तुमचा आकडा तुम्ही ज्या हेतूनं काढता त्या हेतूनं वापरला जात नाही. ‘८७ टक्के’ असं लिहिलंत की तहसिलीतला माणूस म्हणेल, झालं की मग. उरलेले तेरा टक्के म्हणजे नदीकाठचा तो एकच मोहल्ला, हे त्याला तुमच्या आकड्यातून कळणार नाही. मी आता मोहल्लावार, तीन-चार रकान्यांत लिहिते: चूल, भिंत, कर्ज, बियाणं. बैठकीत साहेब लोक चिडतात, एका ओळीत सांगा म्हणतात. मी सांगते, एका ओळीत बसत नाही. तुम्ही कदाचित माझ्यापेक्षा चांगलं मांडाल, चित्रं काढाल. पण रकाने एकत्र करू नका. आणि घरवार माहिती इंटरनेटवर टाकू नका. वीस घरांच्या टोल्यावर नाव न घालताही कोण ते सगळ्यांना कळतं.

यातलं किती तुमच्या गावाला लागू पडेल हे गावावर आहे. गाव मोठं असेल, बाजारपेठ असेल तर दुकानांचा वेगळा विचार लागेल, त्यात माझा हात बसलेला नाही. तुम्ही पुण्यात, त्यामुळे वही कोणाच्या हाती राहणार हे आधी ठरवा, आणि ती आशाताई असणार असेल तर तिला या कामाचे पैसे द्या. फुकट कामं तिच्या गळ्यात आधीच पुष्कळ आहेत.

आणि एक काम मात्र येत्या सुटीत गावी जाल तेव्हाच उरका. २०२० ला पाणी उतरल्यावर मी एका अंगणवाडीत गेले होते. कुटुंबांचं रजिस्टर कपाटाच्या खालच्या फळीवर होतं, भिजून विटेसारखं घट्ट झालेलं. सेविका आणि मी दुपारभर बसून गोधडीच्या सुईनं एकेक पान सुटं करत होतो आणि दोरीवर वाळत घालत होतो. निळ्या शाईची पानं कोरी झाली होती, बॉलपेनची वाचता आली. म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन, सचिवांची परवानगी घेऊन, नमुना ८ चे फोटो काढून घ्या, आशाताईच्या वहीचेही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, मधलं एकही पान न गाळता. आणि ते फोटो गावाबाहेर कुठंतरी ठेवा. पुण्यात चालेल.